घर सोडायचं आहे की घर विकायचं आहे?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातले ६१ वर्षांचे एक वाचक सहकारी बँकेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शहरातल्या जुळे सोलापूर या भागात १९९८ साली बांधलेलं त्यांचं दुमजली घर आहे. मुलगी पुण्यात, मुलगा बंगळूरला. वरचा मजला दोन वर्षं रिकामा पडलाय. हे घर विकून गाडीमागे जोडायचा राहता ट्रेलर बनवून घ्यायचा आणि पत्नीसह कायमचं त्यातच राहत देशभर फिरायचं, असं त्यांच्या मनात आहे. झोपायची जागा, ओटा, संडास-बाथरूम सगळं त्या ट्रेलरच्या आत. घराचे ७० लाख येतील असा अंदाज आहे. ट्रेलर बनवणाऱ्यानं १८ लाख सांगितलेत आणि दोन लाख आगाऊ मागितलेत. मुलगा म्हणतो, विकायचंच तर इकडे आमच्याजवळ फ्लॅट घ्या. मुलगी चिडली आहे. पत्नी "हो म्हणाली आहे". ती घरातून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकते, "पण तो वेळ घालवायचा उद्योग, कुठेही करता येईल". घराला का कंटाळले, तेही त्यांनी लिहिलंय: नळाला पाणी येणार म्हणून अडकून पडायचं, टाकी भरायची, गच्चीची गळती बघायची, आणि मुलं कधी येतात याची वाट पाहायची. शेवटी विचारतात, "चौतीस वर्षं घर आणि बँक यातच गेली. आता मोकळं व्हायचंय. यात काही चूक आहे का?"

नमस्कार,

चूक काहीच नाही. निवृत्तीनंतर कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळतं, कुणी रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवत बसतं. तुम्ही नकाशा पसरून बसलात, हे मला आवडलं. पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की यात निर्णय दोन आहेत आणि तुम्ही ते एकाच दोरीनं बांधलेत. घर सोडून फिरतीवर राहायला जाणं हा एक. घर विकणं हा दुसरा. पहिला फसला तर चार महिन्यांनी परत येऊन कुलूप उघडता येतं. दुसरा फसला तर उघडायला कुलूपच उरत नाही. मग पहिल्याच्या हौसेपायी दुसरा आत्ताच का उरकायचा, याचं उत्तर मला तुमच्या पत्रात सापडलं नाही.

आधी तुमचा कंटाळा बघू. पाणी, टाकी, गळती. यातली एकही गोष्ट घराबरोबर विकली जाणार नाही. तिन्ही ट्रेलरमध्ये बसून तुमच्याबरोबर येतील, आणि आठवड्यातून एकदा भेटायच्या त्या रोज भेटतील.

सोलापूरकराला पाणी जपून वापरायचं शिकवायला नको. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात आपण बादलीचा हिशेब लहानपणीच शिकतो. हे तुमचं भांडवल आहे, पुण्या-मुंबईकडून निघणाऱ्याकडे ते नसतं. तरी आकडा बघा. ट्रेलरमध्ये साधारण १०० लिटरची टाकी बसते. तेवढं पाणी म्हणजे १०० किलो वजन, म्हणून वाटेल तेवढी मोठी टाकी ठेवता येत नाही. दोन माणसांनी तांब्यानं अंघोळ केली आणि भांडी हात राखून धुतली तरी रोजचं ४०-५० लिटर जातंच. म्हणजे दर दोन दिवसांनी पाणी शोधायचं. घरी निदान ते नळानं येतं, इथं तुम्ही त्याच्याकडे जायचं.

दुसरी गोष्ट अशा फिरत्या घरांच्या व्हिडिओत कोणी दाखवत नाही, म्हणून मी सविस्तर सांगते. ट्रेलरमधल्या संडासाखाली बहुतेक वेळा एक काढता येणारी पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. ती साधारण २० लिटरची. दोघांत दोन-तीन दिवसांत भरते. मग ती हातानं काढून, उचलून, कुठंतरी रिकामी करून धुवायची. परदेशात गाड्या उतरायच्या तळांवर त्यासाठी वेगळी सोय असते. आपल्याकडे तुम्हाला कुणाच्या तरी संडासात ती ओतावी लागेल आणि त्यासाठी आधी विचारावं लागेल. ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, देवस्थानाच्या भक्तनिवासात. उघड्यावर किंवा ओढ्यात ओतायचा विचारही मनात आणू नका. हे काम दर तिसऱ्या दिवशी कोण करणार, हे तुमच्या दोघांत ठरलंय का? ठरलं नसेल तर ते कोणाच्या अंगावर पडेल, याचा अंदाज मला आहे आणि तुम्हालाही असावा.

तिसरं ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशी ओलांडतं, ते दरवर्षीचंच. अशा दुपारी पत्र्याच्या डब्यात बसायचं तर एसी लागणार. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट वीज खातो. बारा व्होल्टची, २०० अँपिअर-अवरची बॅटरी काठोकाठ भरली तरी तिच्यात २.४ युनिट असतात. छतावर ४०० वॉटचं सोलर पॅनेल लावलं तर लख्ख उन्हाच्या दिवशी दीड-दोन युनिट मिळतात. तुम्ही बँकेतले, बेरीज-वजाबाकी करून बघा. पंखा, दिवे, मोबाइल, छोटा फ्रीज यावर आरामात चालतं. रात्रभर एसी चालत नाही. त्यासाठी कुठंतरी वायर जोडावीच लागते. आपण बघतो ते व्हिडिओ बहुतेक थंड हवेतले असतात, म्हणून त्यात सगळे इतके प्रसन्न दिसतात.

म्हणजे पाण्याला कुणाचा तरी नळ, विजेला कुणाचा तरी प्लग, कॅसेटला कुणाचा तरी संडास. तुमचा हिशेब मला इथं उलटा वाटतो. घर गेलं की कोणावर अवलंबून राहायला नको, असं तुम्ही धरून चाललात. खरं तर ट्रेलरमधला माणूस रोज संध्याकाळी चार वाजल्यापासून एकाच गोष्टीच्या विवंचनेत असतो, आजचा मुक्काम कोणाच्या अंगणात?

चाकांवरचा संसार आपल्याकडे नवा नाही, आणि तो कसा चालतो हे आपल्याच जिल्ह्यात दिसतं. आषाढीला माउलींच्या पालखीबरोबरच्या दिंड्या नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी करत पंढरपूरला पोचतात. दिंडीमागच्या ट्रकमध्ये शिधा, भांडी, राहुट्या सगळं असतं. पण वाटेवरच्या गावांनी विहिरीवरची मोटर चालू ठेवलेली असते, कुणी ओसरी झाडून देतं, कुणी न्हाणी मोकळी करतं, म्हणून तो ट्रक पंढरपूर गाठतो. मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, ते ओळखीच्या शेतांत उतरतात. शेतकऱ्याला खत हवं असतं, यांना चारा. ऊसतोडीला येणारी कुटुंबं कारखान्याच्या आसऱ्यानं कोप्या घालून सहा महिने काढतात. त्यांची फिरती पोटासाठीची आहे, तुमची हौसेची, तेव्हा तुलना मी फार ताणत नाही. एवढंच सांगायचंय की यातलं कुणी गावाकडचं घर मोडून निघत नाही, आणि वाटेवर कुणीतरी जागा दिल्याशिवाय यातलं कुणी टिकत नाही.

तेव्हा ट्रेलरआधी अंगणं जमवा. बँकेतले जुने सहकारी, मुलांच्या सासरकडची मंडळी, पत्नीचं माहेर, शाळेतले मित्र. कागद घेऊन बसा आणि कोणाच्या दारात एक लांब गाडी दोन रात्री उभी राहू शकते, ते लिहा. नुसत्या ओळखी मोजू नका. फाटक किती रुंद आहे, तेही विचारा. आणि बदल्यात द्यायला तुमच्याकडे काय आहे? जुळे सोलापुरातलं घर. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करायला निघालेल्या कुणालाही सोलापुरात एक मुक्काम हवाच असतो. ते अंगण हातात असेपर्यंत तुम्ही कुणाच्या दारात ओशाळवाणे उभे राहणार नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्याकडे येते. "ती हो म्हणाली आहे."

कशाला हो म्हणाल्या वहिनी? फिरायला जायला? वर्षभर बाहेर राहायला? की घर विकायला? तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात "हो" बऱ्याच वेळा "तुमची एवढी इच्छा आहे तर बघू" अशा अर्थानं येतो. त्याच पत्रात तुम्ही त्यांच्या कामाला वेळ घालवायचा उद्योग म्हटलंय. माफ करा, मला तसं वाटत नाही. कडक भाकरी म्हणजे गॅसवर पोळी फुगवणं नव्हे. चांगली ज्वारी निवडून दळून आणायची, भाकरी पातळ थापायची, भाजून कडक होईपर्यंत वाळवायची, मोडू न देता थप्प्या रचून कोरड्या जागी ठेवायच्या. शेंगा भाजून चटणी कुटायची, तिचा खमंग वास आणि तिखटाचा ठसका दिवसभर घरात राहतो. सहा फूट रुंदीच्या डब्यात हे करून बघा, रात्री झोपताना डोळे चुरचुरतील. आणि "कुठेही करता येईल" हे तर मुळीच खरं नाही. माल कदाचित होईल, पण गिऱ्हाईक सोलापुरात आहे. पुण्याला डबे पाठवणारी मंडळी, दिवाळीच्या ऑर्डरी, मदतीला येणाऱ्या बायका, उधारीची वही हे सगळं त्यांनी स्वतः उभं केलंय. बँकेनं तुम्हाला ५८ व्या वर्षी निवृत्त केलं. वहिनींना कुणी निवृत्त केलेलं नाही. घर विकलं तर ते तुम्ही कराल.

त्यांची वही एकदा दोघांनी मिळून उघडा आणि मागच्या वर्षाचा जमाखर्च मांडा. आकडा लहान निघो की मोठा, तो तुमच्या योजनेत आजवर धरलेलाच नव्हता, हे तरी दिसेल. मग त्यांना शांतपणे विचारा. वर्षातले किती महिने बाहेर राहायला आवडेल? सोलापुरातलं काय सोडवणार नाही? फिरतीवर असताना स्वयंपाक आणि कॅसेट कोणाकडे? गाडी तुम्ही चालवाल, घर कोण चालवणार? त्या स्वतः गाडी चालवत नसतील तर त्यांनी शिकून परवाना काढावा असं मला वाटतं. हंपीच्या वाटेवर तुमच्या छातीत दुखायला लागलं तर स्टिअरिंगला कुणीतरी हवं. आणि विक्रीच्या बाबतीत त्यांच्या "नाही"ला तुमच्या "हो"पेक्षा जास्त वजन द्या, उताऱ्यावर नाव एकट्या तुमचं असलं तरी. या बोलण्यात मुलीला मध्ये घालू नका. ती आधीच चिडली आहे, तिला वकील केलंत की आईला बोलायला जागा उरणार नाही.

पैशाचं बोलू. तुमचं घर जुनं आहे, त्यामुळे विक्रीवरचा नफा दीर्घ मुदतीचा धरला जाईल. जुलै २०२४ मधल्या बदलानंतर अशा नफ्यावर महागाईची वजावट न घेता १२.५ टक्के, किंवा जुन्या मालमत्तेला ती वजावट घेऊन २० टक्के, यातला कमी बसेल तो कर भरावा लागतो. २००१ पूर्वी बांधलेल्या घराला १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर करातून सूट मिळते. ट्रेलर मात्र घर नाही, ते वाहन आहे. त्यात १८ लाख घातले तरी या सुटीसाठी ते धरले जाणार नाहीत. पाच वर्षांनी तुम्हाला पुन्हा भिंती हव्याशा वाटल्या तर सुटीची मुदत केव्हाच संपलेली असेल, आणि उरलेल्या पैशांत जुळे सोलापुरात तसलंच घर मिळेल याची खात्री मी तरी देणार नाही. चार्टर्ड अकाउंटंटकडे विक्री ठरवण्याआधी जा. लोक हमखास विसारपावती झाल्यावर जातात.

ट्रेलरची किंमत कशी उतरेल, हेही धरा. जुना ट्रेलर विकत घेणारी माणसं आपल्याकडे मोजकीच, त्यामुळे तो विकायला काढला की जो भाव येईल तो घ्यावा लागेल. डिझेलचा अंदाज सोपा आहे. महिन्याला १,५०० किलोमीटर धरा, ट्रेलर ओढताना गाडी लिटरला आठ ते दहा किलोमीटर देईल असं समजा, डिझेल ९० रुपयांच्या आसपास. साडेतेरा ते सतरा हजार रुपये झाले. टोल, टायर, दुरुस्ती आणि कंटाळून घेतलेली लॉजची खोली वेगळी. (ती खोली घ्यावी लागतेच. नुसत्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहण्यासाठी माणूस हजार रुपये मोजतो.)

कागदपत्रांत एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बनवणारे लोक इथं घाईघाईनं पुढं सरकतात. खासगी वापराचा कॅम्पर किंवा ट्रेलर केंद्राच्या यादीत बिगर-वाहतूक वाहनांमध्ये आहे, म्हणजे ते वैध आहे आणि पांढऱ्या पाटीवर नोंदवता येतं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या वाहनात नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मनानं करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे ठामपणे सांगितलं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या चाकांवरच्या घरांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्था तपासणी करून मान्यता देतात. तेव्हा बनवणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा. तुमच्या मॉडेलचं मान्यतापत्र दाखवा, आणि आधी विकलेल्या एखाद्या ट्रेलरचं आरसी बुक दाखवा. ट्रेलरला स्वतःची नोंदणी आणि नंबर लागतो, विम्याचंही वेगळं विचारावं लागतं. "आरटीओचं आम्ही बघून घेतो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून परत या. अपघातानंतर विमा कंपनी हेच कागद मागते.

तुमची गाडी किती वजन ओढू शकते, तो आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत बघा. आकडाच नसेल किंवा मनाई लिहिलेली असेल तर पुढं बोलायची गरज नाही. पलंग, ओटा, पाणी, भांडी धरून असा ट्रेलर सहज टनाच्या पुढं जातो. आणि तो मागं घेणं ही वेगळीच विद्या आहे. स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्याच्या उलट्या बाजूला ट्रेलरचं मागचं टोक वळतं. भर बाजारात मागं घ्यायची वेळ आली तर निम्मी पेठ सूचना द्यायला गोळा होईल. पंचावन्नच्या पुढं वाहन परवान्याचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं आणि त्याला वैद्यकीय दाखला लागतो. म्हणजे दर पाच वर्षांनी डोळे आणि रक्तदाब तुमच्या घराचं भवितव्य ठरवणार. ट्रेलर हेच एकमेव घर असेल तर हा मुद्दा किरकोळ राहत नाही.

पत्त्याचंही तसंच. आधार, मतदारयादी, बँकेची केवायसी, गॅसचं कनेक्शन, आरोग्य विमा, एवढंच काय ट्रेलरची स्वतःची नोंदणीसुद्धा एखाद्या न हलणाऱ्या पत्त्यावरच होते. मुलाचा पत्ता देता येईल, पण मग राज्यही बदलेल. हयातीचा दाखला आता मोबाइलवरून देता येतो, तेवढी एक कटकट गेली.

महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी. चांगली गोष्ट आहे. पण ही धोरणं पर्यटकासाठी आहेत, कायम राहणाऱ्यासाठी नाहीत. दर मुक्कामाला वीज-पाण्यासह कॅरॅव्हॅन पार्क मिळेल या भरवशावर संसार उचलू नका.

मग करायचं काय? मला विचाराल तर यंदा काही विकू नका आणि काही बनवूनही घेऊ नका. पहिला प्रयोग फुकट आहे. तुमचा ट्रेलर आतून साधारण सहा बाय चौदा फूट, म्हणजे ८४ चौरस फूट असेल. घरातली दहा बाय दहाची खोली त्याहून मोठी आहे. त्या खोलीत दोघांनी महिनाभर राहा. एक शेगडी, दोन ताटं, दोघांचे मिळून दहा-बारा कपडे, रोजचं ५० लिटर पाणी मोजून. बाकीच्या खोल्यांना कुलूप, वहिनींच्या कामाची जागा सोडून. पाहुणे हसतील, हसू द्या. एकाला बातम्या ऐकायच्या असताना दुसऱ्याला झोपायचं असेल तर काय होतं, ते पहिल्या आठवड्यातच कळेल.

त्याच महिन्यात माळा उपसा. सोलापूरच्या कुठल्याही घरात लग्नाकार्यात आलेल्या कोऱ्या चादरी आणि टॉवेलांची थप्पी निघते, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. ट्रेलरमध्ये दोन चादरी मावतील. बाकीच्या वाटून टाका. पितळी पातेली, मुलांची पुस्तकं, बंद पडलेला मिक्सर, सगळ्याचा निकाल लावा. घर विका अथवा ठेवा, हे काम वाया जात नाही, आणि मला तर शंका आहे की तुम्हाला हवंय त्या मोकळेपणातला बराचसा भाग याच माळ्यावर अडकलेला आहे.

मग तयार कॅरॅव्हॅन भाड्यानं घेऊन दोनदा जा. एकदा थंडीत, विजापूर, बदामी, हंपी असं. विजापूर इथून शंभर किलोमीटरवर आहे, काही बिनसलं तर दुपारच्या जेवणाला घरी. दुसऱ्यांदा मुद्दाम मे महिन्यात जा. लोक हिवाळ्यातली सहल करून निर्णय घेतात आणि उन्हाळ्यात पस्तावतात. दोन्ही वेळा कॅसेट तुम्हीच रिकामी करायची, ही माझी अट.

हे जमलं तर वर्ष वाटून घ्या. दिवाळीच्या ऑर्डरी आटोपल्या की निघायचं, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला घरी. जानेवारीत गड्डा सोडून राजस्थानात बसलेल्या सोलापूरकराला करमत नाही असा माझा समज आहे, तुमच्या बाबतीत खोटा ठरला तर कळवा. यात्रा झाली की पुन्हा बाहेर, होळीच्या आधी परत. ऊन आणि पाऊस घरात. वरचा मजला भाड्यानं द्या, पण करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची असते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्या. महिन्याला सात-आठ हजार आले तरी डिझेलचा निम्मा भार उतरतो आणि तुमच्या पाठीमागे घरात दिवाही लागतो. अशी दोन वर्षं काढूनही दोघांना घर नकोसं वाटत असेल, तर विका. तेव्हा मी आडवी येणार नाही.

मुलाच्या बंगळूरच्या फ्लॅटचं एवढंच सांगते की तो तिसराच निर्णय आहे. ट्रेलरवर घरात वाद झाला म्हणून तडजोड म्हणून तो गळ्यात घालून घेऊ नका. आणि मुलांची वाट पाहणं हे तुमच्या कंटाळ्यातलं खरं दुखणं असेल, तर ते चाकांवर बसून कमी होणार नाही. "दर दोन महिन्यांनी आम्ही तुमच्याकडे येतो, तारीख सांगा," एवढा फोन आजही करता येतो. हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याला रोज जाते.

दोन लाखांचं आगाऊ देऊ नका. "पुढच्या वर्षी भाव वाढेल" असं तो म्हणेल, वाढू दे.

असाच विचार करणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठी थोडं. वरचा मजला नसेल, भाडेकरू नको असेल आणि घराला नुसतं कुलूप लावून तीन-चार महिने जायचं असेल, तर गॅसचा रेग्युलेटर काढा, फ्रीज रिकामा करून दार उघडं ठेवा, गच्चीवरची टाकी उपसून कोरडी करा. पुस्तकांची आणि कपड्यांची कपाटं भिंतीपासून वीतभर ओढा, वाळवी लागली तरी दिसेल. दागिने आणि मूळ कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये. एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्या आणि पंधरा दिवसांतून एकदा दारं-खिडक्या उघडायला सांगा. किती दिवस बाहेर आहात ते जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा, फेसबुकवर मात्र परत आल्यावरच. एकट्यानं निघणाऱ्यांनी रोजचा मुक्काम एका ठरावीक माणसाला रात्री नऊच्या आत कळवायचा. तरुण आहात, भाड्याच्या घरात राहता आणि काम लॅपटॉपवरचं आहे, तर तुम्हाला विकायचं काहीच नाही, त्यामुळे प्रयोग स्वस्तात होईल. तुम्ही फक्त पावसाळ्यातला एक महिना धरून चला, आणि ट्रेलर ठरवण्याआधी त्याच्या छताच्या सांध्यांवर पाइपनं पाणी मारून आत गळतं का ते बघा.